‘उपाशी राहायचे नाही’: रक्त तपासणीच्या एका सूचनापत्रकाचं इंग्रजी

रक्त तपासणी केंद्रात पेशंटच्या हातात एक पानाचं सूचनापत्रक देतात. पत्रक मराठीत असतं, आणि शहरात बाहेरून आलेली मंडळी वाढली की कुणीतरी म्हणतं, याचं इंग्रजीही करून टाका. काउंटरवर बसणाऱ्यांपैकी ज्याचं इंग्रजी बरं त्याच्याकडे ते काम जातं. वाक्यं सहा-सातच असतात आणि शब्द सोपे असतात. पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात काहीतरी करायलाच हवं, करू नये किंवा केलं नाही तरी चालेल, असं सांगितलेलं असतं. मराठी माणसाचं इंग्रजी इथेच घसरतं.

पुढचं पत्रक कुठल्या एका केंद्राचं नाही. अशा पत्रकांत नेहमी दिसणारी वाक्यं एकत्र करून ते बांधलं आहे. इंग्रजीतल्या चुका मात्र मराठीभाषकांच्या हातून रोज होतात त्याच आहेत.

मूळ मराठी असं:

१. चरबीच्या आणि उपाशीपोटीच्या साखरेच्या तपासणीआधी १० तास काही खाऊ नये. साधे पाणी चालेल.
२. थायरॉईड व एचबीए१सी तपासणीसाठी उपाशी राहायचे नाही.
३. थायरॉईडची सकाळची गोळी रक्त देण्याआधी घ्यायची नाही.
४. जेवणानंतरच्या साखरेसाठी २ तासांनी पुन्हा यावे लागेल.
५. जुने रिपोर्ट आणावेत.
६. रिपोर्ट न्यायला पेशंटने स्वतः यायला नको, पावती दाखवायची.

आणि झालेलं इंग्रजी असं. पहिल्याला ‘यू शुड नॉट ईट एनीथिंग फॉर टेन अवर्स’. दुसऱ्याला ‘यू मस्ट नॉट फास्ट’. तिसऱ्याला ‘यू डोन्ट हॅव टू टेक थायरॉईड टॅब्लेट बिफोर गिव्हिंग ब्लड’. चौथ्याला ‘यू मस्ट हॅव टू कम अगेन आफ्टर टू अवर्स’. पाचव्याला ‘यू मस्ट ब्रिंग ओल्ड रिपोर्ट्स’. सहाव्याला ‘पेशंट मस्ट नॉट कम हिमसेल्फ, रिसीट शुड शो’.

एकाही वाक्यात स्पेलिंगची चूक नाही. तरी सहाही वाक्यं बदलावी लागतात, आणि दुसरं-तिसरं तर नेमकी एकमेकांच्या जागी बसली आहेत.

दुसरं आणि तिसरं वाक्य

‘उपाशी राहायचे नाही’ आणि ‘गोळी घ्यायची नाही’. मराठीत साचा एकच आहे, पण सांगणं वेगळं आहे. एचबीए१सी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना चिकटलेली साखर त्यात मोजली जाते, त्यामुळे आज सकाळी पोहे खाल्ले काय किंवा न खाल्ले काय, आकडा बदलत नाही. म्हणून तिथे ‘राहायचे नाही’चा अर्थ ‘राहण्याची गरज नाही’. गोळीचं तसं नाही. थायरॉईडची गोळी घेतल्यावर काही तास रक्तातलं टी-फोर (थायरॉईडचं संप्रेरक) तात्पुरतं वाढलेलं दिसतं आणि मग डोस जास्त होतोय असा चुकीचा समज होऊ शकतो. म्हणून तिथे ‘घ्यायची नाही’ म्हणजे ‘घेऊ नये’.

मराठी वाचकाला हा फरक संदर्भावरून आणि अनुभवावरून कळतो. इंग्रजीत असा एक साचा नाही, दोन स्वतंत्र रचना आहेत आणि त्यातली एक निवडावीच लागते. ‘यू मस्ट नॉट फास्ट’ म्हणजे उपास करायला बंदी. ‘यू डोन्ट हॅव टू फास्ट’ म्हणजे उपासाची सक्ती नाही, केलात तरी हरकत नाही.

गोंधळाचं मूळ असं की होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ सारखे आहेत. ‘यू मस्ट कम’ आणि ‘यू हॅव टू कम’, दोन्हींनी यावंच लागतं. शाळेत दोघांपुढे एकच अर्थ लिहून घेतलेला असतो. मग नकार केला की दोन्हींचा अर्थ पुन्हा सारखाच राहील असं वाटतं, पण तसं होत नाही. ‘मस्ट नॉट’मधला ‘नॉट’ पुढच्या क्रियेला लागतो: न येणं भाग आहे. ‘डोन्ट हॅव टू’मधला ‘डोन्ट’ सक्तीलाच लागतो: येणं भाग नाही. ‘न येणं भाग आहे’ आणि ‘येणं भाग नाही’ ही दोन मराठी वाक्यं शेजारी ठेवली की इंग्रजीतला सगळा भेद त्यात येतो. नकार क्रियेचा की सक्तीचा, एवढंच पाहायचं.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांना इथे आणखी एक खड्डा भेटतो. जर्मनमधलं ‘मुस निख्ट’ दिसायला ‘मस्ट नॉट’चं भावंड, पण त्याचा अर्थ ‘गरज नाही’ असा होतो. बंदीसाठी तिथे वेगळं क्रियापद आहे. दोन्ही भाषा येणाऱ्याने या जागी शब्दाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये.

चूक पकडायची कसोटी

भाषांतराला हात घालण्याआधी प्रत्येक नकारी मराठी वाक्यापुढे ‘पण केलं तरी चालेल’ जोडून पाहावं. वाक्य उभं राहिलं तर ‘डोन्ट हॅव टू’ किंवा त्याच अर्थाचं ‘नीडन्ट’. कोसळलं तर ‘मस्ट नॉट’ किंवा सरळ ‘डू नॉट’.

‘थायरॉईडसाठी उपाशी राहायचे नाही, पण राहिलात तरी चालेल.’ उभं राहतं. ‘गोळी घ्यायची नाही, पण घेतली तरी चालेल.’ कोसळतं. ‘पेशंटने स्वतः यायला नको, पण आला तरी चालेल.’ उभं राहतं, आणि सहाव्या वाक्यातल्या ‘मस्ट नॉट कम’ने केवढा अनर्थ केला ते लगेच दिसतं. ज्याचा रिपोर्ट त्यालाच केंद्रात यायला बंदी झाली.

‘नको’वर डोळे मिटून नियम करता येत नाही. ‘येऊ नको’ ही मनाई आहे, ‘यायला नको’ ही सूट. शब्द तोच आहे, फक्त ‘येऊ’चं ‘यायला’ झालं. पण ‘रिपोर्ट हरवायला नको’ म्हटलं की त्याच ‘-यला नको’त सूट उरत नाही, काळजी येते. ‘तुम्ही यायला नको होतं’ म्हटलं तर ती नाराजी होते आणि इंग्रजीत ‘यू शुडन्ट हॅव कम’ असं जातं. म्हणून शब्दाला शब्द असा तक्ता करून पाठ करण्यापेक्षा ही कसोटी जास्त भरवशाची. ‘हरवला तरी चालेल’ असं जोडून पाहिलं की उत्तर आपोआप मिळतं.

दुसरी कसोटी पत्रकांसाठीच आहे: एकाच पेशंटला लागू पडणाऱ्या दोन ओळी एकत्र वाचायच्या. थायरॉईड आणि चरबी या तपासण्या डॉक्टर बहुतेक वेळा एकाच चिठ्ठीवर लिहून देतात. अशा पेशंटला चुकीच्या इंग्रजीत पहिली ओळ सांगते ‘खाऊ नका’ आणि दुसरी सांगते ‘उपाशी राहू नका’. दोन्ही पाळणं शक्यच नाही. त्यातला कुणी दुसरी ओळ जास्त कडक आहे म्हणून नाश्ता करून येतो, कारण ‘मस्ट नॉट’ हे ‘शुड नॉट’पेक्षा जोरकस वाटतं आणि तसं वाटणं बरोबरच आहे. खाल्ल्यावर रक्तातले ट्रायग्लिसराईड (चरबीचा एक प्रकार) वाढतात. आता पुष्कळ ठिकाणी चरबीची तपासणी उपाशी न राहताही करतात, पण डॉक्टरांनी उपाशीपोटी मागितली असेल तर या पेशंटला दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. ‘डोन्ट हॅव टू’ लिहिलं असतं तर दोन ओळींत भांडणच नव्हतं.

आधी मराठी नीट करा

ही चूक इंग्रजीत दिसते, पण ती मराठीत सुरू झालेली आहे. ‘-यचे नाही’ हा साचा बोलताना उत्तम चालतो, कारण आवाजाचा जोर अर्थ ठरवतो. कागदावर आवाज नसतो. म्हणून भाषांतराची पहिली पायरी मराठी वाक्य फोडण्याची: दुसरं वाक्य ‘उपाशी राहावे लागत नाही’ किंवा ‘राहण्याची गरज नाही’, तिसरं ‘घेऊ नये’, सहावं ‘येण्याची गरज नाही’. एवढं केलं की इंग्रजीला पर्याय उरत नाही. ‘लागत नाही’ आणि ‘गरज नाही’ यांना ‘डोन्ट हॅव टू’ किंवा ‘डोन्ट नीड टू’. ‘नये’, ‘ता कामा नये’ यांना ‘मस्ट नॉट’. शिवाय मराठी पत्रकही सुधारतं, आणि ते वाचणारे जास्त आहेत.

रचनेतल्या चार-पाच ठरलेल्या चुकाही इथेच सांगायला हव्यात. ‘मस्ट’च्या पुढे ‘टू’ येत नाही: ‘मस्ट टू कम’ चूक. ‘नीडन्ट’च्या पुढेही येत नाही, ‘डोन्ट नीड’च्या पुढे मात्र लागतो: ‘यू नीडन्ट कम’, ‘यू डोन्ट नीड टू कम’. ‘यू हॅव नॉट टू कम’ असं कुणी म्हणत नाही. चौथ्या वाक्यातलं ‘मस्ट हॅव टू’ म्हणजे एकाच सक्तीवर दोन कुलपं. ‘यावे लागेल’ला ‘विल हॅव टू कम’ पुरेसं आहे.

‘शी हॅव टू’ ही चूक तर फारच चिवट. तिचं कारण मराठीच्या रचनेत आहे. ‘तिला फॉर्म भरावा लागतो’, ‘तिला चिठ्ठी आणावी लागते’, ‘तिला दोन नमुने द्यावे लागतात’. क्रियापद फॉर्म, चिठ्ठी आणि नमुन्यांप्रमाणे बदलतं. ‘ती’ बदलून ‘मी’ केली तरी त्याला काही होत नाही. इंग्रजीत उलट आहे, कर्त्यावर सगळं: ‘आय हॅव टू’, ‘शी हॅज टू’, आणि नकारात ‘शी डझन्ट हॅव टू’. तिथे ‘हॅज’ परत यायचा नाही, कारण ‘डझ’ने ते काम आधीच केलं.

‘खाऊ नये’, ‘आणावेत’: जोर किती?

पहिलं आणि पाचवं वाक्य वेगळ्या कारणाने बिघडली. शाळेत ‘-वे’ला ‘शुड’ आणि ‘नये’ला ‘शुड नॉट’ शिकवतात. गोष्टीत, निबंधात ते ठीक. सूचनापत्रकात मात्र ‘-वे’ आणि ‘नये’ ही मराठीची सभ्यता आहे. आज्ञा असली तरी आपण ‘करावे’ म्हणतो. त्यामुळे शब्द सोडून परिणामाकडे पाहावं लागतं: पाळलं नाही तर काय होईल? दहा तास उपाशी न राहता दिलेल्या रक्ताचा साखरेचा आकडा उपाशीपोटीचा म्हणून वापरताच येत नाही. म्हणून तिथे ‘मस्ट नॉट’. जुने रिपोर्ट नसतील तर तपासणी अडत नाही. म्हणून तिथे ‘प्लीज ब्रिंग’ किंवा ‘शुड’. मूळ भाषांतरात नेमकं उलटं झालं. रिपोर्ट घरी विसरलेला पेशंट ‘मस्ट’ वाचून रांगेतून परत जाईल.

अशी विभागणी करण्याचा उत्तम नमुना ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तिकेत, मिळतो. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी मंडळींना लायसन्सच्या लेखी परीक्षेसाठी तो वाचावाच लागतो. १९३१ साली पहिल्यांदा निघालेल्या या पुस्तिकेत आज ‘मस्ट’ आणि ‘मस्ट नॉट’ मोठ्या अक्षरांत छापतात आणि ते फक्त कायद्याने बंधनकारक नियमांना वापरतात. बाकी सल्ल्याला ‘शुड’. मोटरसायकलवाल्याने हेल्मेट घालायलाच हवं, तिथे ‘मस्ट’. सायकलवाल्याने घालावं, तिथे ‘शुड’. झेब्रा क्रॉसिंगवर पादचारी उतरला की गाडी थांबवायलाच हवी, तो कडेला नुसता वाट पाहत उभा असेल तर थांबावं. आणि सायकलींच्या राखीव पट्ट्यांबद्दल, त्या वापरण्यास सायकलस्वार ‘नॉट ऑब्लाइज्ड’ आहेत असं स्वच्छ लिहिलं आहे. सक्ती नाही हे सांगायला तिथे ‘मस्ट नॉट’ जवळपासही फिरकत नाही.

रक्त तपासणीच्या पत्रकाला हाच हिशेब लावायचा. ‘मस्ट’ मोजून तीन-चार ठिकाणी, जिथे न पाळल्यास रक्त वाया जाईल किंवा रिपोर्ट चुकीच्या हाती जाईल. सगळीकडे ‘मस्ट’ टाकलं की वाचणाऱ्याला कुठली ओळ खरोखर महत्त्वाची ते कळत नाही.

सहाव्या ओळीतलं ‘पावती दाखवायची’ हे आणखी वेगळं. ‘-यची असते’ म्हणजे रीत आहे, तसं ठरलेलं आहे: ‘यू आर सपोज्ड टू शो द रिसीट’. बोलताना छान, पण त्यात ‘लोक नेहमी पाळतातच असं नाही’ अशी छटा येते. पावतीशिवाय रिपोर्ट द्यायचाच नसेल तर ‘मस्ट शो’. शिवाय ‘रिसीट शुड शो’ म्हणजे पावतीनेच काहीतरी दाखवावं. मराठीत कर्ता गाळता येतो, इंग्रजीत ‘मस्ट’च्या आधी कोण ते लिहावं लागतं.

दुरुस्त पत्रक

१. ‘बिफोर अ फास्टिंग शुगर ऑर लिपिड टेस्ट, यू मस्ट नॉट ईट ऑर ड्रिंक एनीथिंग एक्सेप्ट प्लेन वॉटर फॉर टेन अवर्स.’
२. ‘यू डू नॉट हॅव टू फास्ट फॉर थायरॉईड ऑर एचबीए१सी टेस्ट्स. इफ यू आर ऑल्सो हॅविंग अ टेस्ट फ्रॉम लाइन वन, फॉलो लाइन वन.’
३. ‘डू नॉट टेक युवर मॉर्निंग थायरॉईड टॅब्लेट अंटिल वी हॅव टेकन युवर ब्लड. टेक इट आफ्टरवर्ड्स.’
४. ‘फॉर द आफ्टर-मील शुगर टेस्ट, यू विल हॅव टू कम बॅक. यू मस्ट बी हिअर टू अवर्स आफ्टर यू स्टार्ट ईटिंग.’
५. ‘प्लीज ब्रिंग युवर ओल्ड रिपोर्ट्स. यू कॅन हॅव द टेस्ट विदाउट देम.’
६. ‘यू डू नॉट हॅव टू कलेक्ट द रिपोर्ट युवरसेल्फ. होएव्हर कम्स मस्ट शो द रिसीट.’

पहिल्या ओळीत ‘ड्रिंक’ घातलं, कारण नुसतं ‘ईट’ वाचून लोक चहा घेऊन येतात. तिसऱ्या ओळीत ‘अंटिल’ आणि ‘टेक इट आफ्टरवर्ड्स’ मुद्दाम आहे. नुसतं ‘मस्ट नॉट टेक’ लिहिलं तर त्या दिवशीची गोळीच बुडते. बंदी ठरावीक वेळेपुरती असेल तर ती कधी संपते ते त्याच ओळीत सांगायचं. चौथ्या ओळीत वेळ पहिल्या घासापासून मोजायची, म्हणून ‘स्टार्ट’. ‘आफ्टर टू अवर्स’ एवढंच ठेवलं तर कुणी जेवण संपल्यापासून मोजतो, कुणी पहिलं रक्त दिल्यापासून.

काउंटरवरचं बोलणं: झाल्या गोष्टीबद्दल

पत्रक सुधारलं तरी काउंटरवर भूतकाळ येतोच. ‘मस्ट’ला भूतकाळ नाही. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूपच होता, ते पुढे वर्तमानकाळात स्थिरावलं आणि मागे जायची वाट बंद झाली. म्हणून ‘काल परत यावं लागलं’ला ‘हॅड टू कम’ हेच. ‘मस्ट हॅव कम’ म्हटलं की ‘आला असणार’ असा अंदाज होतो.

इथे मराठीची चांगली मदत होते, कारण हे सगळे भेद आपल्याकडे आहेत. ‘उपाशी राहावं लागलं’ म्हणजे राहिले: ‘हॅड टू फास्ट’. ‘उपाशी राहायला हवं होतं’ म्हणजे राहिले नाहीत: ‘शुड हॅव फास्टेड’. काउंटरवर दोन्हींची गल्लत झाली तर खाऊन आलेल्या पेशंटचं रक्त उपाशीपोटीचं म्हणून घेतलं जाईल. ‘उपाशी राहायची गरज नव्हती’ हे मात्र मराठीतही उघडं राहतं, राहिला की नाही ते कळत नाही. ‘डिडन्ट हॅव टू फास्ट’ तसंच आहे. पण ‘उगाच उपाशी राहिलात’ म्हणायचं असेल तर ‘यू नीडन्ट हॅव फास्टेड’. मराठीत मनात ‘उगाच’ आला की इंग्रजीत ‘नीडन्ट हॅव’, ही खूण सहसा चुकत नाही.

फोनवर सूचना देताना आणखी एक काळजी. ‘मस्टन्ट’चा उच्चार ‘मसन्ट’ होतो, मधला ‘ट’ ऐकू येत नाही, आणि घाईत शेवटचा ‘न्ट’ही गेला की ऐकणाऱ्याला ‘मस्ट’ वाटतं. म्हणजे बंदीची सक्ती होते. ‘हॅव टू’ बोलताना ‘हॅफ टू’ असं होतं, त्याला ‘हाफ’ समजणारेही भेटतात. म्हणून फोनवर बंदी सांगायची तर ‘डू नॉट’ दोन शब्द सुटे करून म्हणावेत, आणि सूट सांगायची तर ‘इट इज नॉट नेसेसरी’. मग पेशंटला विचारावं, ‘सो, टुमॉरो मॉर्निंग, विल यू ईट?’ त्याच्या उत्तरावरून त्याने कोणता अर्थ घेतला ते समजतं.